विश्वासाचं माणूस

जळगावात फ्रेंच शिकायला कोण येतं, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की शेवटी मी उत्तर देणं सोडलं आणि उलट विचारायला लागले, तुमच्या घरातलं कोण येतंय? या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तोच प्रश्न विचारला. "मॅडम, काहीतरी गमतीशीर लिहा," म्हणाले. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण निवृत्त माणसाला रिकाम्या दुपारी ज्या गोष्टी आठवतात त्या सगळ्याच गमतीच्या नसतात. एकदोन गमती सांगते आणि मग जे सांगायचंय त्याकडे वळते.

माझं काम दोन प्रकारचं होतं. आठवडाभर जळगावात शिकवणी, आणि शनिवारी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला, तिथल्या एका कॉलेजातल्या मुलांचा वर्ग घ्यायला. हे झालं शिकवणं. दुसरं दुभाष्याचं. केळीवाले, ठिबकच्या नळ्यावाले, जिनिंगच्या मशिनी मागवणारे, यांच्याकडे फ्रान्सचा कोणी पाहुणा आला किंवा पत्र आलं की मला बोलावणं यायचं. दुभाष्याला लोक नळ समजतात. इकडून पाणी आत, तिकडून बाहेर. तसं नसतं. एका माणसाचं वाक्य दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं, आणि त्या घरात ते कुठं बसतं, कुठं खुपतं हे आधी माहीत असावं लागतं.

शिकवण्याच्या पहिल्या दिवशी मी अक्षरं शिकवत नसे. दारात उभी राहायचे. प्रत्येकानं 'बाँझूर मादाम' म्हणायचं आणि मगच आत यायचं. जो नुसता आत घुसला त्याला परत बाहेर. पोरांना वाटायचं, बाई तऱ्हेवाईक आहे. तर तसं नाही. त्या देशात पावाच्या दुकानात शिरून 'दोन पाव द्या' म्हटलं तर पाव मिळतात, पण दुकानदारीण असं बघते की ते घशाखाली उतरत नाहीत. आधी समोर एक माणूस उभं आहे याची दखल घ्यायची, मग काम सांगायचं. आपल्याकडे किराणावाल्याला नमस्कार घालून कोणी साखर मागितली तर तो समजेल, हा निवडणुकीला उभा राहतोय. इथं दुकानदार मुळात अनोळखी नसतोच, काका नाहीतर भाऊ असतो. नातं आधीच जोडलेलं असलं की दखल वेगळी घ्यावी लागत नाही. तिकडे नातं गृहीत धरत नाहीत, म्हणून दर वेळी दोन शब्दांनी ते उभं करावं लागतं.

दुसरा धडा 'नाही' म्हणण्याचा. हा फार अवघड जायचा. खान्देशातल्या पोराला मोठ्या माणसासमोर 'नाही' म्हणता येत नाही. तो 'बघू' म्हणतो, 'जमलं तर' म्हणतो, मान अशी हलवतो की ब्रह्मदेवालाही अर्थ लागू नये. फ्रेंच माणूस आधी 'नाही' म्हणतो आणि मग का ते सांगतो. शाळेपासून त्यांना तसंच घडवतात. एक बाजू मांड, तिच्या विरुद्धची मांड, मग तुझं मत सांग. वाद घालणं ही तिथं जवळीक असते. तुमच्याशी वाद घालतोय म्हणजे तुमचं म्हणणं त्यानं ऐकलं. ही सवय त्यांच्या वाक्यांत उतरलेली आहे, तोंडात घोळवून घोळवून.

म्हणून मी वर्गात मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचे आणि मुलांनी मला फ्रेंचमध्ये खोडून काढायचं. धुळ्याच्या वर्गात एकदा म्हटलं, भरिताची वांगी गॅसवर भाजली तरी काही बिघडत नाही. सगळे खाली बघायला लागले. मागच्या बाकावरचा एक सावळा, उंच मुलगा उभा राहिला. "नाही मादाम. मला हे पटत नाही." कान लाल झाले होते त्याचे. पण पुढं बोलला. एक, कापसाच्या काड्यांचा धूर वांग्यात उतरतो, गॅसला धूर नसतो. दोन, गॅसवर वरचं साल जळतं आणि आतलं कच्चं राहतं. आणि म्हणून, मादाम, तुम्ही भरीत खाल्लं असेल, पण भरीत खाल्लेलं नाही. वर्ग हसला. मी त्याला त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले. त्याचं नाव प्रशांत. धरणगावजवळच्या एका खेड्यातला. वडील लहानपणीच गेलेले, आई शेती बघायची, डिप्लोमा धुळ्यात चाललेला.

आता माझा दोष सांगते. मुलांना मी 'नाही' म्हणायला शिकवलं, पण स्वतः दुभाषी म्हणून बसले की माझीच जीभ वळायची नाही. सावद्याचे युसूफभाई केळीचे मोठे व्यापारी. त्यांच्याकडे एक फ्रेंच खरेदीदार आला. युसूफभाईंनी घरी जेवायला बोलावलं, दस्तरखान असं भरलं की पाहुण्याला ताट दिसेना. आणि हा गृहस्थ जेवता जेवता म्हणाला, तुमची केळी उत्तम, पण हे खोके चालणार नाहीत. जहाजात खालचे दबतील. अशा खोक्यांतला माल मी घेणार नाही. बोलला आणि आणखी एक कबाब उचलला. त्याच्या दृष्टीनं तो मैत्रीनं बोलत होता. खोक्याला नाव ठेवलं, माणसाला नाही. माझ्यासमोर मात्र युसूफभाई वाढत होते, त्यांच्या आई पडद्याआडून अजून काय हवं विचारत होत्या. मी मराठीत सांगितलं, "साहेबांना खोके जरा नाजूक वाटताहेत."

युसूफभाईंनी त्याच खोक्यांत माल पाठवला. तो नाकारला गेला. नंतर भेटले तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझा मान राखलात. पण त्यानं मान नव्हता मागितला, खोका मागितला होता." मी फार ओशाळले. पण सुधारले म्हणाल, तर नाही. माणूस सत्तावन्नाव्या वर्षी एका जेवणावरून सुधारत नाही.

यानंतर काही वर्षांनी, मी शिकवणं बंद केल्यावर, एका दुपारी दोनच्या सुमारास फ्रान्सहून फोन आला. प्रशांत तिकडे गेल्याला तोवर दोन वर्षं झाली होती. एका छोट्या गावात प्लास्टिकच्या साच्यांच्या कारखान्यात होता. अधूनमधून फ्रेंचमध्ये मेसेज करायचा, अक्षरांवरच्या तिरक्या रेघा चुकीच्या जागी देऊन.

फोनवर एक डॉक्टरबाई होत्या. आधी बाँझूर, मग स्वतःचं नाव, हुद्दा, इस्पितळ. मग विचारलं, प्रशांतची 'पेर्सॉन द काँफियाँस' आपणच का?

हे जरा समजावून सांगायला हवं. तिकडे इस्पितळात दाखल होताना एक कागद भरायचा असतो. त्यात पेशंट स्वतः एका माणसाचं नाव लिहितो. मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं याला विचारा, याला खरं सांगा, माझी इच्छा काय होती ते हा सांगेल. ते माणूस नात्यातलंच असावं असं नाही. मित्र चालतो, शेजारी चालतो. शब्दशः सांगायचं तर विश्वासाचं माणूस. माझं शरीर माझं, माझं मरण माझं, त्यात माझ्या वतीनं कोण बोलेल हे मी ठरवणार, असं मानून बरीच भांडणं केलेल्या लोकांच्या भाषेत हा शब्द तयार झाला. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी, दीर, नणंद, सगळ्यांना शब्द आहेत. याला नाही. आपल्याला कधी गरजच पडली नाही, कारण निवडायचं कोणाला, ते जन्मतःच ठरलेलं.

प्रशांतनं तिथं माझं नाव लिहिलं होतं.

डॉक्टरबाई सरळ बोलल्या. रक्ताचा आजार, फार झपाट्यानं वाढला. तीन आठवडे झाले, त्यानं घरी सर्दीताप सांगितलंय. आता उपचार थांबवलेत. तो मरणार आहे, दोन दिवस, फार तर तीन. त्याला हे माहीत आहे, त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. त्याला आईशी बोलायचंय. पण त्याची एक अट आहे. आईला आधी खरं सांगितलेलं असावं. ती फोनवर 'बरा होशील, घरी ये' म्हणाली तर त्याला तिच्याशी खोटं खोटं बोलावं लागेल, आणि तेवढी ताकद त्याच्यात नाही. तो म्हणाला, मादाम सांगतील, त्यांना नीट सांगता येतं.

मी विचारलं, बोलू शकतो का? बाई म्हणाल्या, आज सकाळी सलग पंधरा मिनिटं बोलला. उद्याचं सांगू शकत नाही.

मी लगेच प्रशांतच्या घरी, त्याच्या आईला, अक्कांना सांगायला फोन लावला. उचलला त्याच्या मोठ्या काकांनी, नानांनी. नाना घरातले कर्ते, सगळे फोन तेच उचलत. आणि मी, जिच्यावर त्या पोरानं विश्वास टाकला होता, म्हणाले, "नाना, प्रशांतची तब्येत जरा नाजूक आहे. डॉक्टर प्रयत्न करताहेत. मला अक्कांशी बोलायचं होतं." खोक्यांना लावलेलाच शब्द. माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

"नाजूक," नानांनी माझाच शब्द परत म्हटला. मग म्हणाले, "बरं मॅडम. समजलं. अक्का शेतात शे. तिले मी सांगतो." आणि फोन ठेवला.

काय समजलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आपल्याकडे मरण कोणी फोनवर सांगत नाही. परगावच्या माणसाला कळवायचं तर 'जरा सिरीयस आहे, निघून या' म्हणायचं. गाडी दारात आली, ओट्यावर टोपीवाले बसलेले दिसले की येणारा समजतो. मी स्वतः माझ्या भावाला वडिलांचं असंच कळवलं होतं. ही रीत वाईट नाही, वाटेत माणूस कोसळू नये म्हणून आहे. पण या रीतीत वाढलेल्या नानांनी माझा फोन ऐकला आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. पोरगा गेला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास मी पुन्हा फोन केला, अक्कांना द्या म्हटलं. नाना म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार. तुम्ही शब्द जपून वापरले. अक्काला अजून अपघात झालाय एवढंच सांगितलंय. बॉडी कधी येईल ते फक्त सांगा."

मी म्हटलं, "नाना, तो जिवंत आहे."

"हो, हो," नाना म्हणाले, लहान मुलाला समजावतात तसे. "कळतं मॅडम. फोनवर असंच म्हणतात."

मी परत परत सांगितलं. जितकं आवर्जून सांगितलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. एवढी धडपड करून बाई का सांगतेय, तर गेला म्हणूनच. मी शेवटी म्हटलं, विश्वासाचं माणूस म्हणून त्यानं कागदावर माझं नाव लिहिलंय, डॉक्टरांनी मला सांगितलंय. तर नाना पहिल्यांदा चिडले. "तुमचं का नाव? त्याचा काका शे, मामा शे. विश्वासाचं माणूस काय बाहेरचं असतं?" आणि फोन ठेवून दिला.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन. आईला सांगितलं का? तो आज फार थोडा वेळ जागा असतो. विचारत होता. मी अडखळत झालेला प्रकार सांगितला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काल त्याच्या घरच्यांशी तुम्ही नेमकं काय बोललात, ते मला सांगा." मी माझं वाक्य फ्रेंचमध्ये करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मादाम, मी तर हे बोललेच नव्हते."

मी पर्स घेतली आणि स्टॅण्ड गाठला. धरणगावची गाडी मिळाली, पुढं रिक्षा. कापूस वेचणीचे दिवस, रस्त्यानं गाठोडी घेतलेल्या बाया चाललेल्या. सबंध वाटभर मी एक वाक्य तयार करत होते. मराठीत सुरू केलं की ते आपोआप मऊ व्हायचं, 'देवाच्या हातात' वगैरे शिरायचं. मग मी ते आधी फ्रेंचमध्ये बांधलं. तो जिवंत आहे. तो बरा होणार नाही. त्याला तुमच्याशी बोलायचंय. तीन वाक्यं. मग तीच मराठीत म्हणून बघितली. रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरापुढं चपलांचा ढीग होता. ओट्यावर गावातली माणसं. नाना पुढं आले, हात जोडून म्हणाले, "मॅडम, आत काही बोलू नका. तिला सहन होणार नाही." मी म्हटलं, "नाना, काल मी तुमच्याशी नीट बोलले नाही, ती चूक माझी. आज मला अडवू नका." एवढं मी कोणा वडीलधाऱ्याला आयुष्यात बोलले नव्हते. ते बाजूला झाले. पटलं म्हणून झाले की धक्क्यानं, माहीत नाही.

आत बायकांच्या मधे अक्का बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. बारीक, ताठ, कापसानं बोटं चरचरीत झालेली. रडत नव्हत्या. सगळ्या बायका रडत होत्या आणि त्या एकट्या सगळ्यांची तोंडं बघत होत्या, कोणाच्या तोंडावर खरं सापडतंय का ते. मी समोर खाली बसले. बोलले.

"अक्का, मी प्रशांतची मास्तरीण. तो जिवंत आहे. तो बरा होणार नाही. त्याला तुमच्याशी बोलायचंय."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"तो शे का?"

"आहे."

"आते, या टायमाले शे?"

"आहे, अक्का. दोन तासांपूर्वी तुमची चौकशी करत होता."

"मंग फोन लावा," अक्का म्हणाल्या.

मी लावला. तिकडून नर्सनं उचलला. मी बाँझूर म्हटलं, तिनंही म्हटलं, आणि फोन त्याच्या कानाशी धरला. इकडे मी अक्कांच्या हातात दिला. मला वाटलं होतं, आता हंबरडा येईल. अक्का शेताच्या बांधावरून हाक मारावी तशा स्पष्ट आवाजात बोलल्या.

"प्रशांत, मी माय बोलस. बाईनी माले बठ्ठं सांगं. माले समजनं, भाऊ. आते तू काही लपाडू नको. मी आठे शे. तू घाबरू नको. मी फोन ठेवस नई."

सगळं कळलंय, लपवू नको, मी इथं आहे म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी फोन ठेवला नाही. मग वेचणी कुठपर्यंत आली ते सांगितलं. गायीचं सांगितलं. त्याच्या वडिलांच्या शेवटच्या दिवशी काय झालं, ते त्याला कधीच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. कसे गेले, काय बोलले. मधे एकदा तिकडून आवाज आला. "हा, माय." एवढंच. नंतर पुन्हा एकदा, "माय." नर्स मला म्हणाली, तो ऐकतोय, माझं बोट घट्ट धरलंय. अक्का बोलत राहिल्या. दारात नाना भिंतीला टेकून उभे होते आणि उपरणं तोंडात धरून रडत होते.

पुढच्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला. बाँझूर मादाम, प्रशांत आज सकाळी वारला. मी नानांना फोन केला आणि म्हटलं, "नाना, प्रशांत आज वारला." ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "सांगतो तिला. असंच सांगतो."

गंधमुक्तीला, सुतक फिटलं त्या दिवशी, मी गेले. जेवणं उरकल्यावर अक्का मला घेऊन मागच्या अंगणात आल्या. काड्यांचा भारा रचलेला होता तिथं. मला वाटलं, आभार मानतील. अक्कांनी विचारलं, "बाई, तुमले पहिला फोन उना त्या दिवशी तो कितलं बोलू शकत व्हता?"

मला ठाऊक होतं त्या काय विचारताहेत. त्यांच्या वाट्याला त्याचे दोनतीन शब्द आले होते. खोटं बोलणं सोपं होतं. अक्का, पहिल्या दिवसापासून तसाच होता हो. कोणी तपासायला येणार नव्हतं. माझ्या सगळ्या मराठीपणानं तेच वाक्य ओठांवर आणून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "पंधरा मिनिटं, अक्का. सलग."

त्या भाऱ्याला हात टेकून उभ्या राहिल्या. एक काडी ओढून काढली, मोडली, टाकून दिली. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी येत्यात तर." वाक्य तिथंच सोडलं. आणि हात पुसत म्हणाल्या, "बरं करं, सांगं ते."

त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. मी विचारलंही नाही.

लोक मला विचारतात, फ्रेंच भाषेत एवढं काय आहे? पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचे. त्यांचा विचार कसा सरळ, त्यांचं वाक्य कसं सरळ. आता तसं म्हणवत नाही. हळुवार शब्द त्यांच्याकडेही आहेत, त्यांची औपचारिक पत्रं वाचलीत तर साखरेचा पाक. आणि सरळ बोलणं आपल्या बोलीत बसत नाही म्हणावं, तर ज्या बाईनं शाळेचं तोंड बघितलं नाही तिनं ते अहिराणीत चार वाक्यांत करून दाखवलं. तीस वर्षं शिकवूनही मला ते येत नव्हतं. मी नाजूकपणा माझ्या भीतीपायी केला आणि त्याला रीतीचं नाव दिलं.

या उन्हाळ्यात माझ्या पोटात काही सापडलं. तपासण्या झाल्या. जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतले आणि माझ्या मुलीला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर या." मी पलंगावरूनच म्हटलं, "डॉक्टर, पोट माझं आहे." ते हसले, मुलगीही हसली, आणि दोघं बाहेर गेले. परत आल्यावर मुलगी म्हणाली, "काही नाही गं आई, थोडी नाजूक आहेस सध्या."

तिचा दोष नाही. तो शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला.

घरी आल्यावर मी एक कागद घेतला. वर फ्रेंचमध्ये 'पेर्सॉन द काँफियाँस' लिहिलं आणि खाली अक्कांचं नाव, गाव, फोन. मुलीला दाखवला, ती रागावली, तिच्या जागी मीही रागावले असते. मग अक्कांना फोन केला. कागद काय असतो ते त्यांना समजावावं लागलं नाही. म्हटलं, अक्का, हे लोक मला खरं सांगायचे नाहीत. वेळ आली की डॉक्टरांना तुम्ही विचारा आणि मला सांगा. तुमच्या भाषेत सांगा, मला समजतं.

पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"हा बाई," अक्का म्हणाल्या. "जे व्हई ते सांगसू. आनी त्याच दिवशी सांगसू."